प्रत्यारोपणाच्या फाइलीत स्नायूंनाही जागा हवी

प्रत्यारोपणाच्या फाइलीत बिलिरुबिन असतं, आयएनआर असतो, दात्याच्या यकृताचं आकारमान मिलिलिटरमध्ये मोजलेलं असतं. रुग्णाला हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, हे मात्र क्वचितच सापडतं. जलोदराने फुगलेल्या रुग्णाचं वजन ७२ किलो असं लिहून आपण पुढे जातो. कानशिलं बसलेली असतात, अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजलेलं असतं, पण त्यासाठी रकानाच नाही.

मेल्ड गुणांक ही झीज पकडत नाही, उलट झाकतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच आटले की मूत्रपिंड बिघडूनही आकडा बरा दिसतो आणि सर्वांत खंगलेला रुग्ण कागदावर कमी आजारी ठरतो. स्त्रियांना हा फटका अधिक, मेल्ड ३.० मध्ये त्यांना जादा गुण दिले गेले ते त्यामुळेच.

मिशिगनच्या एंगल्सबी यांच्या गटाने २०१० मध्ये सीटीवर सोअस स्नायूचा छेद मोजला. तो जितका लहान, तितका प्रत्यारोपणानंतर मृत्यूचा धोका जास्त. क्योटोच्या काइदो यांचं २०१३ चं काम आपल्याला अधिक जवळचं, कारण ते जिवंत दात्यांच्या प्रत्यारोपणावरचं आहे. तिथेही स्नायू कमी असलेले रुग्ण मागे पडले. मात्र त्यांच्यातल्या ज्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे नेटाने पोषण मिळालं, ते अधिक जगले.

आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांची. यकृत देणारी बायको, मुलगा किंवा बहीण घरातच असते, म्हणून तारीख बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. दात्याच्या तपासण्या, समितीची मंजुरी, पैशांची जुळवाजुळव यांत काही आठवडे जातातच. त्या काळात रुग्ण काय करतो? पडून राहतो आणि मऊ भात खातो.

त्यात भर आपण घालतो. सिऱ्होसिसमध्ये ग्लायकोजेनचा साठा इतका तुटपुंजा, की एका रात्रीचा उपवास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासमारीसारखा पडतो. तरी एंडोस्कोपीसाठी ‘रात्री बारापासून काही नको’ आणि नंबर लागतो दुपारी दोनला. दुसऱ्या दिवशी सीटी, पुन्हा उपाशी. झोपण्यापूर्वी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, एवढी साधी सूचनाही राहून जाते. कावीळ म्हणून डाळ, अंडी, दूध बंद, हे आजीने सांगितलं तर समजू शकतं. डिस्चार्ज कार्डावर कशाला? ‘अमोनिया वाढेल’ या भीतीलाही आधार उरलेला नाही. कोर्दोबा यांनी २००४ मध्येच दाखवलं, की एन्सेफॅलोपॅथीतही प्रथिनं तोडून फायदा होत नाही. शिवाय यकृत थकल्यावर अमोनिया रिचवण्याचं बरंचसं काम स्नायूच करतात. कोरड्या वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर पातळ वरणाने ती भरत नाहीत.

मोजणी अवघड नाही. मुठीची पकड, पाच वेळा खुर्चीतून उठणं, तोल सांभाळून उभं राहणं, एवढ्यावर लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स निघतो. लागतो एक डायनॅमोमीटर आणि स्टॉपवॉच. सीटी तर होतेच. तिसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवरचा स्नायू निर्देशांक रेडिओलॉजिस्टकडून मागून घ्यावा. पुरुषांत ५० आणि स्त्रियांत ३९ या मर्यादा उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांवरून आलेल्या आहेत, त्या आपल्या रुग्णांना डोळे मिटून लावू नयेत. आणि फिजिओथेरपिस्टला बोलावायचं ते शस्त्रक्रियेनंतर नव्हे, पहिल्याच भेटीत. व्हॅरिसेस असल्या तर श्वास रोखून वजनं उचलायला लावू नये. चालणं आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम चालतात.

एक धोका मात्र दिसतो. हा आकडा उद्या रुग्णाला नाकारण्याचं कारण बनेल, विशेषतः निकालांची टक्केवारी जिथे जाहिरातीत झळकते तिथे. आमचा याला ठाम विरोध आहे. मेल्ड तीसच्या वर गेलेल्या रुग्णाला ‘आधी ताकद कमवा’ सांगून थांबवणं म्हणजे त्याला मरू देणं. त्याचं प्रत्यारोपण वेळेवर करावं, व्हेंटिलेटरवरून उतरायला आणि जंतुसंसर्गातून सावरायला वेळ लागेल हे नातेवाइकांना आधीच सांगावं, आणि नंतरही पकड मोजत राहावी. नवं यकृत बसलं म्हणून स्नायू आपोआप भरून येत नाहीत. स्टिरॉइड चालू असताना तर नाहीच.