वाऱ्याच्या तोंडावर चालणारी नौका

वारा जिकडे वाहतो तिकडेच शिडाची नौका जाणार, ही समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे. आंग्र्यांच्या आरमारातील गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत, एवढ्यावरून वारा विरुद्ध असता वल्हवण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हते, असेही अनुमान केले जाते. वल्ह्यांचे खरे मोल वारा पडल्यावर होते. या समजुतीचे मूळ, वारा शिडाला केवळ मागून ढकलतो, या अपुऱ्या कल्पनेत आहे.

कळमनुरीच्या परिसरात पैनगंगेवर इसापूर धरणाचा जलाशय आहे. तेथे पश्चिमेचा वारा सुटला असून नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वायव्येकडे वळवली आहे आणि शीड नौकेच्या लांबीशी १५ अंशांचा कोन करील असे ताणले आहे, असे मानावे. शिडावरील दाब ढोबळमानाने शिडाला काटकोनात असतो. तो १०० एकक धरला तर सुमारे ९७ एकक नौकेला आडवे लोटतात आणि अवघे २६ पुढे नेतात. आक्षेपक या ९७ कडे बोट दाखवतो, परंतु नौकेच्या तळाचा खोल कणा पाण्यात आडवा सरकताना प्रचंड विरोध करतो आणि लांबीच्या दिशेने मात्र सहज पाणी कापतो, हे तो विसरतो. दोन बोटांत दाबलेला ओला चिंचोका बोटांच्या दाबाला आडवा होऊन सटकतो, तशी नौका वारा आणि पाणी यांच्या चिमटीतून पुढे निघते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या गोव्यात बांधलेल्या नौकेचेही निम्मे सामर्थ्य असे पाण्याखाली होते. वायव्य आणि नैर्ऋत्य अशा आळीपाळीच्या वळणांनी १० किलोमीटर पश्चिमेला जाण्यास सुमारे १४ किलोमीटर कापावे लागतात, एवढेच.

यावर दुसरा, अधिक विचारी आक्षेप येतो: तिरके जाणे मान्य, पण नौकेवर पवनचक्की बसवून तिने पाण्यातला पंखा फिरवायचा आणि थेट वाऱ्याच्या तोंडावर जायचे, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध आहे. वारा नसता तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. परंतु वारा सेकंदाला ५ मीटर आणि नौका २ मीटर वेगाने समोरासमोर असतील, तर चक्कीला वारा ७ मीटरचा लागतो आणि पाणी मात्र पंख्यापासून २ मीटरनेच मागे जाते. चक्कीवरील मागे रेटणारे बल १०० न्यूटन असेल तर तिला मिळू शकणारी शक्ती ७०० वॉटपर्यंत जाते, तर त्या बलाला तोडीस तोड रेटा देण्यास आदर्श पंख्याला २०० वॉट पुरतात. घर्षणात आणि चक्कीतून निसटणाऱ्या हवेत बरेच वाया गेले तरी शिल्लक उरते. जमिनीवर याची प्रचीती आलेली आहे. ‘ब्लॅकबर्ड’ ही चाकांची गाडी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात वाऱ्याच्या सुमारे दुप्पट वेगाने थेट वाऱ्यावर चालून गेली.

म्हणून नौकेचे इंधन एकटा वारा नव्हे, तर वारा आणि पाणी यांच्या वेगांतील फरक होय. पैनगंगा वाऱ्याच्याच दिशेने आणि त्याच वेगाने वाहू लागली तर उत्तमातले उत्तम शीडही लोंबत राहील. उलट हवा संपूर्ण स्तब्ध असून नदी वाहती असेल, तर प्रवाहाबरोबर निघालेल्या नौकेला समोरून वारा लागतो आणि त्यावर तिरक्या वळणांनी चढत ती पाण्याच्याही पुढे, प्रवाहापेक्षा अधिक वेगाने खाली पोहोचू शकते.