बोर्दोची १८५५ची यादी : मातीचा कौल की बाजाराचा?

१/ प्रतिष्ठित तांबड्या वाइनची चर्चा निघाली की नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्दोचे नाव येते आणि त्यापाठोपाठ १८५५ची वर्गवारी. ती जणू मातीनेच दिलेला कौल आहे, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो बाजाराचा भावफलक होता.

२/ १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने एप्रिलमध्ये वाइनच्या दलालांकडे यादी मागितली. ती दोन आठवड्यांच्या आत तयार झाली. त्यासाठी नव्याने पारख झाली नाही. आधार होता वर्षानुवर्षे मिळालेल्या भावांचा.

३/ श्रेण्या पाच. पहिल्या श्रेणीचा मान चौघांनाच : लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (हे लातूर मराठवाड्यातले नव्हे!) तांबड्या वाइनच्या या यादीत ओ-ब्रियाँ वगळता सारे मळे मेदोक भागातले.

४/ हा भाव घडला कसा? ११५२ साली अ‍ॅक्विटेनची एलेनॉर आणि हेन्री प्लँटॅजेनेट यांचा विवाह झाला. पुढे हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि १४५३पर्यंत बोर्दो इंग्रजी सत्तेशी जोडलेले राहिले. इंग्लंडची बाजारपेठ लाभली ती अशी. १७व्या शतकात डच तंत्रज्ञांनी मेदोकच्या दलदलीतील पाण्याचा निचरा केला. १६६३ साली लंडनच्या सॅम्युएल पीप्सने ओ-ब्रियाँची चव रोजनिशीत नोंदवली.

५/ भाव निराधार होता, असे मात्र नाही. मेदोकच्या खडीच्या जमिनीत पाणी साचत नाही. द्राक्षवेलीला ते मानवते. दलालांचा अनुभवही दांडगा होता. पण भावातून गुणाबरोबरच व्यापाराचे मार्गही बोलत असतात.

६/ पुरावा? पोमरोल आणि सेंट-एमिलियाँ यादीत नाहीत. त्यांचा व्यापार बोर्दोऐवजी मुख्यतः लिबूर्नमधून चाले. आज जगातील अत्यंत महागड्या वाइनमध्ये गणली जाणारी पेत्रूस पोमरोलचीच!

७/ प्रदर्शन संपले, यादी उरली. त्यानंतर श्रेणीवाढ एकदाच झाली : १९७३ साली मूटाँ-रॉथशिल्ड दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेले. त्या आदेशावर स्वाक्षरी होती तत्कालीन कृषिमंत्री जाक शिराक यांची. शिवाय श्रेणी चिकटली ती नावाला. मळ्याच्या सीमा बदलल्या, मालक बदलले. मान कायम राहिला.

८/ खरा दोष दलालांचा नाही. त्यांनी आपल्या काळाचा भाव प्रामाणिकपणे मांडला. दोष त्या भावाला चिरंतन सत्य मानणाऱ्या पुढच्या पिढ्यांचा. श्रेणीमुळे भाव वाढतो आणि वाढलेला भाव श्रेणीचा पुरावा ठरतो, असे हे चक्र आहे. म्हणून इतिहासात कोणतीही मानाची यादी समोर आली, तर अग्रस्थानी कोण आहे हे पाहण्याआधी ती कोणी, कोणासाठी आणि किती घाईत केली, हे विचारावे.