तलबीना आणि उदास मन

अब्बा गेले त्यानंतर महिनाभर अम्मी चहा-टोस्टवरच होती. शेजारपाजारहून डबे यायचे, ती हात लावायची नाही. झोप नाही, पोट साफ नाही, कुणाशी बोलणं नाही. मग फूफी आल्या आणि त्यांनी जवाचं पीठ दुधात शिजवून तिला भरवलं. तलबीना! हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी मय्यत झाली की तो शिजवला जाई, ही रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे.

मी भाषा शिकवणारी, पण यामागचं शास्त्र वाचल्यावाचून राहवलं नाही. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा असतो. तो आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अस्तर कमजोर झालं की शरीरात दाह वाढू शकतो; आणि नैराश्याच्या काही रुग्णांच्या रक्तात अशा दाहाच्या खुणा वाढलेल्या आढळतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे व्हॉट्सॲपवर फिरतं ते खरं आहे. ते तिथून थेट मेंदूत जात नाही, एवढं मात्र कुणी लिहीत नाही.

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी ६७ नैराश्यग्रस्तांचा १२ आठवडे अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचा आहार सुधारला: अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, मासे, सुकामेवा, मैदा, मिठाई, तळण कमी. (आपल्या इफ्तारच्या दस्तरखानाच्या नेमकं उलट!) दुसऱ्या गटाला नुसती सोबत आणि गप्पा. पहिल्या गटातले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. अभ्यास लहान होता, आणि बहुतेकांचे उपचारही चालूच होते. औषधं सोडून खीर खा, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये.

कारण अम्मीला शेवटी डॉक्टरांकडे न्यावंच लागलं. तेही तीन महिने उशिरा. इद्दत आहे, होईल ठीक, म्हणत आम्ही बसलो. उपचारासाठी बाहेर पडायला मनाई नसते हे मला माहीत होतं, तरीही.

आता तिच्या गोळ्या आणि जवाची बरणी एकाच फळीवर असतात. दोन चमचे पीठ, कपभर पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं, मग अर्धा कप दूध. तिला शुगर आहे, म्हणून मध नाही. एकच खजूर, तोही बारीक चिरून.