कारेगाव की कोरेगाव? एका मात्रेनं नोकरी खाल्ली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्या फाट्याचाच आहे.

मागच्या महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास फाट्यावर चहाला थांबलो होतो. बाकड्यावर एक पोरगा बसलेला. वीस-बावीसचा, पायाशी बॅग, डोळे लाल. ओडिशाचा निघाला. ठेकेदारानं त्याला फोनवर सांगितलं होतं, पुण्यातून नगर रोडची गाडी पकड, कारेगावला उतर, सकाळी सातला गेटवर हजर राहा. पोरानं गाडी बरोबर पकडली. रात्री साडेदहाला काचेतून एक पाटी दिसली, शेजारचा माणूसही तसंच काहीतरी बोलला, म्हणून हा उतरला. ते होतं कोरेगाव भीमा. आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर अलीकडे. रात्र त्यानं एका बंद दुकानाच्या पायरीवर काढली. पहाटे कुणाच्या तरी टेम्पोत बसून इथं आला, तोवर सव्वाआठ झाले होते. गेटवर त्याच्या जागी दुसरा घेतला होता.

आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "अडाणी असतात हो ही पोरं, वाचता येत नाही यांना." मला राग आला. पोरगा बारावी पास होता. मोबाईलवर ओडिया बातम्या वाचत बसला होता. त्याला वाचता येतं, आपली लिपी येत नाही. उद्या तुम्ही-आम्ही भुवनेश्वरच्या स्टँडवर रात्री साडेदहाला उतरलो तर आपण कोण? डॉक्टर असलो तरी तिथं अडाणीच.

आणि खरं सांगायचं तर आपल्याच माणसाला तरी कुठं कळतं? जरा आपल्या रस्त्यावरची नावं बघा. कारेगाव आणि कोरेगाव यांच्यात फरक फक्त एका मात्रेचा. पाटीवर धूळ बसली किंवा एलईडीचा एक ठिपका गेला की दोन्ही गावं एकच. त्यात पुण्यात कोरेगाव पार्क आहेच. रांजणगाव म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो, पण आपल्याच तालुक्यात रांजणगाव सांडस आहे, पलीकडं पारनेरला रांजणगाव मशीद आहे आणि वाळूजच्या एमआयडीसीलाही एक रांजणगाव चिकटलेलं आहे. शिरूरचं तर विचारूच नका. बीडकडचा कामगार आला की त्याच्या डोक्यात शिरूर कासार, लातूरकडचा आला की शिरूर अनंतपाळ नाहीतर शिरूर ताजबंद. आपली जुनी माणसं उगाच घोडनदी म्हणत नाहीत. आता बसच्या पाटीवर अहिल्यानगर असतं आणि फाट्यावर अजून "नगर, नगर" ओरडतात. ज्याला दोन्ही नावं ठाऊक नाहीत त्यानं काय करायचं?

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली, ती याच रस्त्यानं. त्यानंतर तीन वर्षांनी झालेल्या जनगणनेत देशात शंभरातल्या अठरा लोकांना वाचता येत होतं. मग बाकीच्यांनी प्रवास केला कसा? पुकाऱ्यावर. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं घ्यायचा, गाडीतली म्हातारी "आलं का रं बाबा?" विचारायची, तो "बस अजून" म्हणायचा. पाटी वाईट असली तरी कंडक्टरचा गळा चांगला होता. आता काचा बंद, आत एसी, काही गाड्या विनावाहक. ओरडणारा माणूस आपण काढून घेतला, पण त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही. एलईडीवर अक्षरं सरकत जातात आणि तुम्हाला हवं ते नाव येईपर्यंत गाडी हललेली असते.

उपाय काही चंद्रावरचा नाही. थांब्याला चित्र द्या. प्रत्येक थांब्याला त्याचं एक साधं, ठळक चित्र. तेच चित्र गाडीच्या कपाळावर, तेच आतल्या मार्गाच्या पट्टीवर, तेच तिकिटावर.

लगेच कुणीतरी म्हणेल, हे आपल्याकडं चालणार नाही. अहो, आपल्याइतका चित्रांवर चाललेला देश दुसरा शोधून दाखवा. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. कोट्यवधी लोकांनी अक्षर न वाचता बरोबर पेटीत मत टाकलं. आजही ग्रामपंचायतीला कपबशी, शिट्टी, रिक्षा घरोघर पाठ असते. औषध फवारणारा गडी डब्यावरचा लाल रंग बघून तोंडाला फडकं बांधतो, हिरवा ठिपका बघून माळकरी माणूस बिस्किट घेतो, आणि उलटा लाल त्रिकोण कशाचा हे आपल्या आज्यांना कुणी वाचून दाखवावं लागलं नाही. २००७ ला तर नाण्यांवर हात आले होते, रुपयावर अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटं. म्हणजे मत मागताना, औषध विकताना, पाळणा लांबवताना सरकारला माहीत असतं की माणूस चित्र वाचतो. माणूस बससाठी उभा राहिला की मात्र तो एकदम पदवीधर धरला जातो.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर मेक्सिको सिटी घ्या. तिथली मेट्रो १९६९ साली सुरू झाली. अनेक प्रवाशांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिलं. लान्स वायमन नावाच्या डिझायनरनं ते काम केलं, १९६८ च्या तिथल्या ऑलिम्पिकची चिन्हंही त्याचीच. चापुल्तेपेक नावाच्या स्टेशनला नाकतोडा आहे, कारण त्या नावाचा जुना अर्थच नाकतोड्यांची टेकडी. कोयोआकानला कोयोट, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी. तिथं माणूस दुसऱ्याला सरळ सांगू शकतो, नाकतोड्याला उतर. पन्नास वर्षं उलटली, चित्रं अजून चालू आहेत.

आता हीच नजर आपल्या भागातल्या रस्त्यांवर टाका. घोडनदीला घोडा आणि खाली पाण्याची लाट. वाघोलीला वाघ. कोरेगाव भीमाला जयस्तंभ, १ जानेवारीला लाखो लोक त्याच्यासाठीच येतात. दौंडला रेल्वेचं इंजिन. चौफुल्याला चार वाटा, नावातच चित्र आहे. लोणीकंदला लोण्याचा गोळा काढता येईल, पण तो दगडासारखा दिसेल, ते नंतर बघू.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "मराठी पाट्यांचं काय? आधी मराठीत लिहा म्हणावं." मी मराठीच्याच बाजूचा आहे. चित्राखाली मराठी नाव मोठ्या अक्षरात असलंच पाहिजे, आणि ते आत्ता असतं त्यापेक्षा मोठं असावं. उलट घोडा बघून रोज उतरणारा माणूस महिन्याभरात "शिरूर" हा शब्द ओळखायला लागेल. पोरं बालवाडीत अक्षर शिकतात ती "ग गणपतीचा" म्हणत, चित्राचं बोट धरूनच ना? दुसरा आक्षेप, "आता सगळ्यांकडं मोबाईल आहे." सेकंड शिफ्ट करून सुटलेल्या बाईच्या मोबाईलची बॅटरी किती टक्के असते ते एकदा विचारा. शिवाय २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे बसमध्ये पन्नास माणसं असतील तर आठ-नऊ जणांना पाटीच वाचता येत नाही. त्यात परराज्यातली, चष्मा घरी विसरलेली आणि लहान पोरं धरलेलीच नाहीत.

पण चित्र काढलं म्हणजे कळलंच असंही नाही, आणि इथंच आपली मंडळी घोटाळा करतात. इंटरनेटवरून काहीतरी उतरवायचं आणि फ्लेक्सवाल्याला द्यायचं. चौकशीसाठी जगभर इंग्रजी आय लावतात, पार्किंगला इंग्रजी पी. इंग्रजी येत नाही त्याला आय म्हणजे काठी आणि वर ठिपका! ते चित्र नाहीच, अक्षरच आहे. सरळ जायला वर तोंड केलेला बाण दाखवतात आणि माणूस जिना शोधायला लागतो. हायवेच्या ढाब्यांवर मुतारीच्या दारावर कुठं टोपी, कुठं पंखा, कुठं मिशी. आत जाईपर्यंत पोटात गोळा. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं सार्वजनिक चिन्हांचं मानक १९८० साली काढलं, आणि चिन्ह लोकांना कळतं की नाही हे कसं तपासायचं याचं वेगळं मानक आहे. मूळ पद्धत साधी आहे. अनोळखी माणसाला चित्र दाखवायचं आणि विचारायचं, "हे काय आहे?" "छान आहे का?" असं विचारायचं नाही. साहेबाला दाखवायचं नाही, कारण साहेबानं खालचं नाव आधीच वाचलेलं असतं.

मी स्वतः खडूनं करून बघितलं. रांजणगाव गणपतीसाठी मला मोदक सुचला होता, फार खूश होतो. त्या ओडिशाच्या पोराला दाखवला. तो म्हणाला, "लसूण." शेजारी बसलेल्या बिहारच्या दोघांनीही लसूणच सांगितलं. मग नुसती सोंड काढली, एक वळणदार रेघ, कानाचा अर्धगोल आणि एक दात. तिघंही एका दमात म्हणाले, "गणेशजी!" मूर्ती काढायची गरज नाही, त्यामुळं कुणी पिचकारी मारली तर भांडण व्हायचाही प्रश्न नाही. (मारू नये, हे वेगळं.) चहावाल्याच्या फळीवर पाच मिनिटांत जी चूक सापडली ती मीटिंग हॉलमध्ये पाच महिन्यांत सापडली नसती.

आता पैशांचं रडगाणं. फाट्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. एका फ्लेक्सवर वर साहेब, खाली भाऊ, कडेला बारा शुभेच्छुक, सगळ्यांचे फोटो पासपोर्ट साइजमध्ये. म्हणजे चित्रानं ओळख होते हे पुढाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे! त्यातल्या दोन फ्लेक्सच्या खर्चात एक थांबा रंगतो. रात्री गाडीच्या दिव्यात चमकणारा कागद लावायचा झाला तरी तो महामार्गाच्या बोर्डांना लावतातच, तोच थांब्याला लावा. सेकंड शिफ्ट अंधारातच सुटते.

माझं मागणं छोटं आहे. सगळा जिल्हा नको. शिक्रापूर, रांजणगाव गणपती, कारेगाव, शिरूर, एवढे चार थांबे आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या गाड्या. ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि गाड्या चालवणारे, तिघांनी एका टेबलाला बसावं, आणि टेबलावर लेबर कॉलनीतली चार माणसं असावीत ज्यांना मराठी वाचता येत नाही. शाळेतले चित्रकलेचे सर आणि एक पेंटर एवढे कलाकार पुरे. चित्र चुकलं तर चुन्यानं पुसून परत काढू.

तीन थांब्यांचं जमलंय असं समजा. शिक्रापूरला मी चाकणकडं फुटणारा चौक काढलाय, तो लोकांना कळतो. अडलंय ते आपल्याच कारेगावचं. धुराडं काढलं तर पहिल्यानंच वीटभट्टी म्हणून सांगितलं. दातेरी चाक काढलं तर गॅरेज. डब्याची पिशवी घेतलेला कामगार काढला, त्याला एकजण म्हणाला, "हा तर बाजाराला निघालाय." कमेंटमध्ये सुचवा, पण नुसतं नाव लिहू नका. कागदावर काढा, घरातल्या न वाचणाऱ्या माणसाला दाखवा आणि ते काय म्हणाले ते लिहा.