'विषमुक्त' परसबाग तपासली कोणी?



शालेय परसबाग स्पर्धांच्या निकालांच्या बातम्या सध्या वाचायला मिळत आहेत. मेथीच्या जुड्या धरलेली मुले, शेजारी अधिकारी आणि मथळ्यात हमखास 'विषमुक्त भाजी'. रासायनिक खत-औषध घातले नाही की माती विषमुक्त झाली, हे ठरवले कोणी? जमीन आरोग्य पत्रिकेसाठी १२ घटक तपासतात. नत्र, स्फुरद, पालाशपासून सामू, सेंद्रिय कर्ब, बोरॉनपर्यंत. या बारांत शिसे नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. पीक कसे येईल ते पत्रिकेवरून कळते. ते खाणाऱ्या पोराचे काय होईल, याच्याशी तिला देणेघेणे नाही. आणि तीही मिळते शेताला. वस्तीतल्या दारापुढच्या चार फुटी वाफ्याला कोण देणार?

शिसे कुजत नाही, विरत नाही. मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीचे शिसे रस्त्याकडेच्या आणि खरवडलेल्या भिंतींखालच्या मातीतून गेले कुठे? जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्याही बंगल्यांच्या सोसायटीशेजारी नसतात. त्यातच लोह कमी असलेले शरीर शिसे अधिक शोषते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. पोषणासाठी परसबाग ज्यांच्या माथी मारायची, शिशाचा धोकाही नेमका त्यांनाच जास्त.

अशाने लोक घाबरून वाफे मोडतील, असे म्हटले जाईल. मोडण्याची गरजच नाही. शिसे पोटात जाते ते मुख्यतः भाजीतून नव्हे, तर नखांत अडकलेल्या मातीतून आणि घरात आलेल्या धुळीतून. टोमॅटो, वांगी, भेंडीत ते फारसे चढत नाही. मुळा, गाजर, पालेभाज्या यांना जपावे लागते. भरपूर कंपोस्ट, भिंतीपासून दूर वाफा, नाहीतर विटा रचून त्यात खात्रीची माती, एवढ्यावर बरेच भागते. पण कुठे भागते आणि कुठे नाही, हे तपासल्याशिवाय कळणार कसे? सिडनीत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी ४० पट शिसे निघाले. 'गावरान' म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

तपासणी महाग पडते, ही सबबही चालणार नाही. त्याच सिडनीतील मॅक्वारी विद्यापीठ लोकांनी पाठवलेली बागेची माती गेली अनेक वर्षे तपासून देते आहे. हातात धरायचे एक्सआरएफ यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत शिशाचा आकडा दाखवते. असे एकेक यंत्र प्रत्येक जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेला देणे राज्याला जड नाही. बक्षीस समारंभांचे मंडप तरी कुठे फुकट येतात?

जाता जाता आणखी एक. केंद्राने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांसाठी नियम आणले आणि त्यांतून कचराडेपो सर्वसाधारणपणे बाजूला ठेवले. त्यांना वेगळे नियम आहेत म्हणे. मग देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला लागून राहणाऱ्यांच्या अंगणातली माती नक्की कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या खात्याने तपासायची, हे शासनाने एकदा लेखी सांगावे.

— एक वाचक, मुंबई