संशय आला तरी कळवा

ऑक्टोबर 2022. हैदराबादच्या बंजारा हिल्समधील एका शाळेत चार वर्षांच्या मुलीवर प्राचार्यांच्या वाहनचालकाने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने त्याला वीस वर्षांची शिक्षा ठोठावली. निकाल वेगाने लागला, हे चांगलेच. पण इतकी लहान मुले काय झाले ते अनेकदा शब्दांत सांगत नाहीत. मूल शाळेला जायला घाबरते, अचानक गप्प होते, रात्री दचकून उठते. ही लक्षणे ओळखायला शाळेतल्या प्रत्येकाने शिकले पाहिजे. शिक्षकांनी, शिपायांनी, बसचालकांनीही.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा ठरवला. तरीही ‘घराण्याची अब्रू’ आडवी येतेच, आणि गुन्हेगार बहुतेकदा ओळखीचाच असतो!

हैदराबादेत पीडितांसाठी पोलिसांचे ‘भरोसा’ केंद्र 2016 पासून आहे. तिथवर मूल पोहोचवायचे काम मात्र आपलेच. शहरातल्या मराठी मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ पालकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे.