पंप बदलला, दुखणं तेच

कुंभार्ली घाट. पोफळी मागे टाकून चार-पाच वळणं झाली असतील. गाडी दुसऱ्या गियरमध्ये आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर एकदम पोकळ! म्हणजे मी दाबतोय, पण गाडी नुसती गचके देतेय, पुढे जायचं नाव नाही. मागे एसटी हॉर्नवर हॉर्न मारतेय, समोर धुकं, आणि मागच्या सीटवरून ८१ वर्षांची आजी शांतपणे विचारतेय, "पेट्रोल संपलं का रे?"

"अगं आजी, अर्धी टाकी आहे."

"मग?"

या 'मग?' ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडेला घेतली, बॉनेट उघडून उगाच आत बघितलं (बघायचं असतं, त्याशिवाय मागच्या गाड्यांना आपली दया येत नाही), पंधरा मिनिटांनी परत स्टार्टर मारला तर गाडी गुमान चालू झाली आणि हेळवाकपर्यंत काही झालंच नाही अशा थाटात चढली.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे याच दुखण्यासाठी तीन आठवड्यांपूर्वी मी १४,६०० रुपये मोजले होते.

गाडी २००९ ची, पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर फिटनेस करून आरसी ५ वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हाच निम्म्या नातेवाईकांनी मला वेड्यात काढलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागायला लागला. एरवी एका सेल्फला सुरू होणारी गाडी सात-आठ सेकंद नुसतं घुर्र घुर्र करायची. मग हायवेवर ८० च्या पुढे ओढ कमी. गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड एकही नाही. मग फिल्टर बदलला. फरक नाही. स्पार्क प्लग बदलले, इंजेक्टर क्लीन केले. थोडा फरक वाटला, का वाटावा असं मला वाटत होतं, देव जाणे. शेवटी टाकीतला पंप बदलला. प्रेशर गेज लावून दाखवला, आयडलला ३ बार, एकदम बरोबर. दोन आठवडे शहरात ऑफिस ते घर चालवली, तक्रार नाही. मी खूश, मेकॅनिक खूश.

आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात.

आता थोडं आतलं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं तेव्हापासून पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो. पण या जमान्यातल्या बऱ्याचशा साध्या गाड्यांमध्ये ईसीयू पेट्रोल मोजत नाही, तो फक्त इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. लाइनमध्ये प्रेशर ठरलेलंच असणार असं तो गृहीत धरतो. प्रेशर बघायला सेन्सरच नाही! म्हणजे पंप अर्धमेला झाला तरी ईसीयू बिचारा आपला हिशोब बरोबर करत बसलेला. ऑक्सिजन सेन्सरवरून मिश्रण पातळ झाल्याचं त्याला कळतं आणि तो थोडं जास्त पेट्रोल सोडून सांभाळून घेतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर बहुतेक गाड्या त्या सेन्सरकडे बघतच नाहीत. त्यामुळे 'स्कॅनरला कोड नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. अर्थ एवढाच की ज्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तिथे काही सापडलं नाही.

दुसरं, आयडलला मोजलेलं प्रेशर. आयडलला अशा छोट्या इंजिनाला तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल लागतं. मरायला टेकलेला पंपसुद्धा तेवढं देतो. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर त्याच्या दहापट किंवा जास्तच लागतं. खरी परीक्षा तिथे. खरं तर गेजची नळी लांब घेऊन तो वायपरखाली अडकवायचा आणि चढावर गाडी चालवून काटा बघायचा, पण एवढा वेळ कोणाला आहे? मला तर नव्हताच.

घाटातून आल्यावर मात्र मी पेटलो. इंजिनियर आहोत ना आपण! शनिवारी मल्टिमीटर घेऊन मागची सीट काढली, पंपाचा कनेक्टर सोडवला, मित्राला चावी ऑन करायला सांगितली. चावी फिरवल्यावर दोन सेकंद पंपाला करंट जातो, तेवढ्यात वाचलं, १२.४ व्होल्ट. बॅटरीइतकंच. वायरिंग ठीक, असं वहीत लिहून टाकलं. (हो, वही केली होती.) पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज येतो का तेही पाहिलं, कारण टाकीचा श्वास कोंडला तर गाडी अशीच थोड्या वेळाने मरते आणि विश्रांतीनंतर जिवंत होते. फुस्स नाही. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून वास घेतला, आतला पडदा फाटला असता तर त्यात पेट्रोल दिसलं असतं. कोरडी. म्हणजे सगळं ठीक आणि गाडी बिघडलेली.

या मधल्या काळात मला सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, अगदी सोसायटीच्या वॉचमनपर्यंत, एकच निदान केलं होतं. इथेनॉल! याबद्दल थोडं बोलतो, कारण हल्ली जुन्या गाडीला शिंक आली तरी इथेनॉलवर जातं. २०% मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ वर आणलं, आणि जुन्या गाड्या त्या हिशोबाने बनलेल्या नाहीत हे खरंच आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. जुने रबरी पाइप आणि सील यांना ते मानवत नाही, पाणी ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाशी बसलेला जुना गाळ सुटा करून जाळीवर आणून बसवतं. माझा रागही आहे, पर्याय न देता सगळ्यांच्या टाकीत एकच पाणी ओतल्याचा. पण म्हणून प्रत्येक गचक्याला तेच कारण? इथेनॉल पंधरा मिनिटं थांबल्यावर बरं होत नाही हो. 'गाडी जुनी झाली', 'पेट्रोल खराब येतं' ही निदानं नाहीत, शोधायचा कंटाळा आहे.

शेवटी ऑफिसातल्या एकाने वायरिंगचं काम करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. साठीचे, चष्म्याची काडी तारेने बांधलेली. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. गार असताना होतं का गरम? टाकी भरलेली असताना कमी होतं का? बंद पडते तेव्हा एकदम पडते का मरत मरत? रात्री हेडलाइट लावून चालवताना जास्त होतं का? शेवटच्या प्रश्नाला मी चमकलो. होत होतं! पण मी ते रात्रीच्या थंडीच्या नावावर लिहिलं होतं.

मग मी अभिमानाने वही काढली. "काका, वायरिंग मी तपासलंय. कनेक्टरला १२.४ येतात."

"पंप जोडून का सोडून?"

"सोडून."

काका हसले. खोक्यातून हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी डकवलेल्या. गाडीचे चारी दरवाजे उघडे टाकायला लावले, टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघितलं, रिलेच्या जागी फ्यूज घातलेल्या वायरचा तुकडा लावला आणि बल्ब कनेक्टरवर धरला. पिवळट, मरतुकडा उजेड. आता माझा मीटर त्याच बल्बच्या दोन टोकांना लावला तर ९.६!

एकदम डोक्यात प्रकाश पडला (बल्बपेक्षा जास्त). मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायर एका धाग्यावर लटकत असली, जोड गंजला असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. पंप मात्र चार-पाच अँपिअर ओढतो. जोडात अर्धा-पाऊण ओहम रेझिस्टन्स असला की दोन-तीन व्होल्ट तिथेच खलास, आणि ती ऊर्जा तोच जोड तापवायला खर्च. तापला की आणखी बिघडतो, पंप आणखी मंदावतो, गाडी मरते. पंधरा मिनिटं थांबलात की जोड गार, गाडी चालू! सकाळी स्टार्टर मारताना बॅटरीच दहा व्होल्टपर्यंत खाली येते, त्यातून हे दोन-तीन गेले की पंपाच्या हातात राहतं काय? ओहमचा नियम आम्हाला पहिल्या सेमिस्टरला होता. मला त्यात चांगले मार्क होते हे इथे सांगण्यात अर्थ नाही.

बाकी सगळं अर्ध्या तासात झालं. मीटरचं एक टोक पंपाच्या अर्थच्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, बल्ब चालू. तिथे ०.२ च्या आत असायला हवं, होतं २.३. कार्पेट उचललं तर पंपाची अर्थ जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली, तिथे हिरवट-तांबडा गंजाचा गोळा. मागच्या दाराचं रबर गेल्याने पावसाचं पाणी तिथे मुरत होतं. पॉलिश पेपरने घासलं, नवीन लग, नवीन बोल्ट, वर थोडं ग्रीस. बल्ब पांढरा झाला.

"किती झाले काका?"

"द्या तीनशे."

आणि मला जे म्हणायचंय ते इथे आहे. मेकॅनिकला १४,६००, ज्यांनी दोष शोधला त्यांना ३००. पहिल्या बिलावर फिल्टर, प्लग, पंप, लेबर अशा ओळी होत्या. 'शोधायला लागलेला वेळ' अशी ओळ कुठल्याच गॅरेजच्या बिलात नसते, कारण ती लिहिली तर आपण भांडतो. उद्या एखादा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी एक दिवस ठेवा, दीड हजार होतील, पार्ट बदलेन असं नाही, पण नेमकं काय झालंय ते सांगेन," तर आपण दुसरं गॅरेज गाठतो. मग तो बिचारा काय करणार? पार्ट बदलतो, कारण पैसे फक्त पार्टचे मिळतात. मी स्वतः ऑफिसात एका बगच्या मागे तीन दिवस घालवतो, शेवटी एक ओळ बदलतो, आणि ते तीन दिवस क्लायंटच्या बिलात लागतात. त्याला कोणी 'एका ओळीचे एवढे?' म्हटलं तर आमचा मॅनेजर त्याला लेक्चर देईल. आणि तोच मी गॅरेजच्या दारात उभा राहून 'काही बदललंच नाही तर पैसे कसले' असं म्हणणारा!

काकांना मी हजार दिले. त्यांनी सातशे परत केले, म्हणाले काम तेवढंच होतं. मी म्हटलं, प्रश्नांचे आहेत. मग पाचशे ठेवले.

पुढच्या आठवड्यात पहिल्या मेकॅनिककडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. त्याने सगळं नीट ऐकलं, वाईटही वाटलं त्याला. मग म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला म्हटलं होतं दोन दिवस गाडी सोडून जा, चढावर नेऊन बघतो. तुम्हीच म्हणाला, सोमवारी ऑफिसला पाहिजे, काय बदलायचं ते बदला."

म्हणालो होतो.

जुना पंप त्याने पिशवीत घालून दिला होता तो आमच्या माळ्यावर आहे. काकांकडे नेऊन तपासला, उत्तम चालतो.